सकाळी स्टार्ट न घेणारी जुनी डिझेल पिकअप : पंप उतरवण्याआधी काय तपासाल

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. जुनी डिझेल पिकअप, चार सिलेंडर, साधा मेकॅनिकल रोटरी पंप (इंजेक्टरना दाबाने डिझेल देणारा). रात्रभर उभी राहिली की सकाळी बराच वेळ सेल्फ मारावा लागतो. सुरू झाली की थोडा वेळ थरथरते, पांढरा धूर टाकते, आणि मग दिवसभर चावी फिरवली की सुरू. बॅटरी नवीन टाकली, डिझेल फिल्टर बदलला, तरी फरक नाही. आता पंप उतरवायला सांगितलंय, तर उतरवावा का?

आत्ता उतरवू नका. पंप खराब नसेलच असं मी म्हणत नाही, पण तुम्ही सांगितलेली लक्षणं पंपाकडे बोट दाखवत नाहीत. रोटरी पंपाच्या आतले भाग डिझेलवरच वंगण घेतात आणि त्यांच्यातली फट अगदी सूक्ष्म असते. ते झिजले की डिझेल आतल्या आत निसटतं. थंड डिझेल जाड असतं, त्यामुळे झिजलेला पंपही सकाळी कसाबसा दाब धरतो. डिझेल गरम होऊन पातळ झालं की सेल्फच्या कमी वेगात तो दाब धरू शकत नाही. म्हणून झिजलेला पंप सहसा गरम गाडीत त्रास देतो: लांबून आलात, दहा-पंधरा मिनिटं थांबलात, आणि आता सुरूच होत नाही. अशा वेळी पंपावर ओलं फडकं ठेवून तो थंड केला आणि गाडी लगेच सुरू झाली, तर पंपावर संशय घ्यायला जागा आहे. तुमची तक्रार नेमकी उलटी आहे.

सकाळची तक्रार बहुधा तीनपैकी एका कारणाने येते. सेल्फ पुरेसा वेगाने फिरत नाही, किंवा रात्रीतून डिझेल मागे उतरतं आणि लाइनीत एअर शिरते, किंवा हीटर प्लग (थंड सिलेंडरमधली हवा तापवणाऱ्या विजेच्या कांड्या) तापत नाहीत. जुन्या गाडीत यातली दोन कारणं एकत्रही सापडतात, आणि मग एक दुरुस्त करूनही ‘फरक पडला नाही’ असं वाटतं.

आधी सेल्फ बघू. ‘बॅटरी नवीन आहे’ या वाक्यावर मी थांबत नाही. डिझेल इंजिनात स्पार्क नसतो, हवा दाबून जी उष्णता तयार होते तिच्यावरच डिझेल पेटतं. सेल्फ हळू फिरला की दाबलेली हवा पिस्टनच्या रिंगांजवळून निसटायला वेळ मिळतो आणि तिची उष्णता थंड सिलेंडर शोषून घेतो. इंजिन फिरतंय असं कानाला वाटतं, पण पेट घेण्याइतकं तापमान आत होतच नाही.

एक साधा मल्टीमीटर घ्या. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीला १२.६ व्होल्टच्या आसपास दिसायला हवेत. १२.२ दिसले तर बॅटरी अर्धीच भरलेली आहे, मग ती कितीही नवीन असो. म्हणजे अल्टरनेटर कमी चार्ज करतोय किंवा रात्री कुठेतरी करंट खाल्ला जातोय. नंतर जोडलेले जादा लाइट, टेप, हॉर्नची रिले ही नेहमीची गिऱ्हाइकं. आता पंपावरच्या स्टॉप सोलेनॉइडची (डिझेल बंद करणाऱ्या विजेच्या झडपेची) वायर काढा, म्हणजे इंजिन सुरू होणार नाही. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, आणि कुणालातरी चावी फिरवायला सांगा. सेल्फ फिरत असताना बॅटरीच्या टर्मिनलवर १० व्होल्टच्या खाली जाऊ नये. ९.६ च्या खाली गेलं तर बॅटरी कमजोर आहे किंवा सेल्फ जास्त करंट ओढतोय.

बॅटरीवर आकडा चांगला आणि तरी सेल्फ जड, तर वायरिंग तपासा. मीटरची एक पिन बॅटरीच्या प्लसच्या खुंटावर आणि दुसरी सेल्फच्या जाड बोल्टवर ठेवून सेल्फ मारा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर तेवढं व्होल्टेज वाटेतच हरवतंय. मग एक पिन बॅटरीच्या मायनसवर, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर. इथे पाव व्होल्टच्या आसपास ठीक, त्याहून बरंच जास्त असेल तर अर्थिंग (मायनसची जोडणी) खराब. बऱ्याच पिकअपमध्ये बॅटरीचा मायनस चेसिसला आणि चेसिसवरून दुसरी पट्टी इंजिनला जाते. ही दुसरी पट्टी चिखलात आणि तेलात राहते. वरून शाबूत दिसते, पण बोल्ट काढला की लगच्या (पट्टीच्या टोकाच्या) खाली हिरवी-पांढरी बुरशी आणि गंज. मीटर नसेल तर जंपर केबलची एकच वायर बॅटरीच्या मायनसवरून थेट इंजिनच्या ब्लॉकला लावून सेल्फ मारा. फिरण्याचा आवाज बदलला की दोष सापडला. सेल्फचे कार्बन, सोलेनॉइडमधली तांब्याची संपर्क-चकती आणि बुश हे त्यानंतर. बुश झिजले की आर्मेचर आत घासतो आणि नवी बॅटरीही थोड्या दिवसांत मान टाकते.

सेल्फ तेज फिरतोय याची खात्री झाली की सायलेन्सरकडे जा. इथे कुठलंही अवजार लागत नाही, फक्त सकाळी पहिल्यांदा चावी फिरवताना मागे एक माणूस उभा हवा. एकदा गाडी सुरू झाली की ही संधी दुसऱ्या सकाळपर्यंत गेली, म्हणून आधीच ठरवून ठेवा.

तुम्ही लिहिलंय की सुरू झाल्यावर पांढरा धूर येतो. मला हवं आहे ते त्याच्या आधीचं. सेल्फ मारत असताना, इंजिन अजून पेटलेलं नसताना धूर येतो का? पहिल्या काही सेकंदांतच पांढरा, डोळ्याला झोंबणारा, कच्च्या डिझेलच्या वासाचा धूर येत असेल तर डिझेल सिलेंडरपर्यंत पोचतंय पण पेटत नाही. म्हणजे उष्णता कमी पडतेय: हीटर, कॉम्प्रेशन (सिलेंडरमध्ये हवा किती दाबली जाते) किंवा टायमिंग (डिझेल फवारण्याची वेळ). धूर अजिबात नाही, बराच वेळ कोरडं फिरतं, मग थोडा धूर दिसतो आणि त्यानंतर इंजिन एकेका सिलेंडरवर अडखळत पेट घेतं, तर डिझेलच पोचत नव्हतं. म्हणजे एअर. या एका निरीक्षणाने अर्धं काम होतं, आणि आश्चर्य म्हणजे पंप उतरवायला सांगणारे बरेच जण सायलेन्सरकडे बघतसुद्धा नाहीत.

धूर अजिबात येत नाही आणि गाडी कधीच सुरू होत नाही, अशी वेगळी परिस्थिती असेल तर आधी स्टॉप सोलेनॉइड बघा. चावी ऑन केली की पंपावर ‘टक्’ असा आवाज यायला हवा. वायर सैल असली तरी सगळं बंद.

आता एअर. माझ्या मते तुमच्या गाडीत हीच शक्यता सर्वांत मोठी आहे, म्हणून यावर जरा थांबतो.

टाकीपासून पंपापर्यंतच्या लाइनीत डिझेल ढकललं जात नाही, ओढलं जातं. त्यामुळे या बाजूला बारीक फट असेल तर डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत जाते. स्ट्रॉला वरच्या बाजूला भोक पडलं तर पेय बाहेर सांडत नाही, फक्त वर चढत नाही, तसंच. ‘खाली कुठे डिझेलचा थेंब नाही’ म्हणून लाइन ठीक, हा निष्कर्ष इथे चालत नाही. दिवसभर गाडी चालू-बंद होत राहते तेव्हा डिझेलला मागे उतरायला वेळ मिळत नाही. रात्रभरात मात्र त्या फटीतून हवा शिरते, डिझेल आपल्या वजनाने टाकीकडे उतरतं आणि फिल्टरपासून पंपापर्यंतचा भाग रिकामा होतो. सकाळी सेल्फ आधी ती हवा बाहेर काढतो, मग इंजिन पेटतं. तुमचा ‘बराच वेळ’ तो हाच असू शकतो.

तपासायची पद्धत सोपी. सकाळी चावीला हात लावण्याआधी फिल्टरच्या डोक्यावरचा हँड प्रायमर (हाताने डिझेल ओढायचा छोटा पंप) दाबा. चांगल्या लाइनीत तो एक-दोन दाबांतच कडक होतो. हातात मऊ, पोकळ लागला आणि बऱ्याच दाबांनंतर कडक झाला, तर रात्रीतून डिझेल उतरलेलं आहे. आता नेहमीसारखे हीटर देऊन सेल्फ मारा. लगेच पेटली, तर पुढचं वाचण्याआधी एअरच शोधा. अजून एक जोड-चाचणी: एक रात्र गाडी उतारावर तोंड खाली करून उभी करा, म्हणजे इंजिन टाकीच्या खाली राहील. चाकांना दगड लावा. त्या सकाळी त्रास नाही आणि सपाट जागेवर किंवा तोंड वर करून उभी केली की त्रास, तर शंका उरत नाही.

फट नेमकी कुठे, हे शोधायला पंपाच्या इनलेटवर वीतभर पारदर्शक डिझेलचा पाइप घाला आणि क्लिप नीट आवळा. इंजिन चालू ठेवून त्याकडे उजेडात बघा. सुरुवातीला मोहरीएवढे एखाद-दुसरे बुडबुडे गेले तर काळजी नाही. सतत माळ चालली असेल किंवा बंद केल्यावर पाइपातलं डिझेल हळूहळू मागे सरकताना दिसत असेल, तर फट टाकीच्या बाजूला. तसाच तुकडा रिटर्नच्या (उरलेलं डिझेल टाकीत परत नेणाऱ्या) लाइनीवरही लावून बघा, कारण हवा तिकडूनही येते.

तुम्ही फिल्टर बदललाय असं लिहिलंय. त्रास त्याच्या आधीपासून होता का, आणि बदलल्यावर वाढला का, हे आठवा. फिल्टर बदलताना जुनी रबर रिंग वरच्या भागाला चिकटून राहते आणि तिच्यावर नवी बसते, किंवा बँजो बोल्टचे (डिझेलचा पाइप जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे) जुनेच तांब्याचे वॉशर परत वापरले जातात. ते एकदा दबले की पुन्हा तसे बसत नाहीत. प्रायमरचा रबरी पडदाही सुकून चिरतो. हात लावला की ओलसर लागत असेल तर तो गेलाच. खालचा पाण्याचा ड्रेन स्क्रू नीट न आवळलेला सापडतो. मग इंजेक्टरवरचे बारीक कापडी रिटर्न पाइप. हे सर्वांत दुर्लक्षित. बोटाने थोडे वाकवून बघा, वरच्या विणकामात चिरा दिसल्या किंवा धूळ ओली होऊन चिकटलेली दिसली तर सगळे एकदम बदला. शेवटच्या इंजेक्टरच्या टोकावर एक बंद टोपण असतं, तेही.

पिकअपची टाकी हौद्याच्या खाली चेसिसला टांगलेली असते आणि स्टीलचे पाइप चेसिसच्या कडेने जातात. जिथे जिथे क्लिप आहे तिथे चिखल साठतो आणि त्याच्या आत पाइप गंजतो. क्लिप सोडून बघितल्याशिवाय ते दिसत नाही. आणि एक खास लक्षण: टाकी भरलेली असताना गाडी नीट आणि पाव टाकीच्या खाली गेली की त्रास सुरू, तर टाकीच्या आतल्या ओढपाइपला गंजून भोक पडलेलं असू शकतं. भोक डिझेलच्या खाली असतं तोवर कुणाला कळत नाही, पातळी उतरली की तिथून हवा. अशा गाडीचा पंप आधीच दुरुस्त होऊन आलेला मी पाहिला आहे. बिल भरून झालं होतं आणि दोष टाकीत होता.

हे सगळं वगळून एकदम निकाल हवा असेल तर टाकीची लाइनच बाजूला ठेवा. स्वच्छ डिझेलचा छोटा कॅन बोनेटजवळ पंपाच्या उंचीच्या वर बांधा, त्यातून थेट इनलेटला पाइप द्या, रिटर्न त्याच कॅनमध्ये. फिल्टर वाटेत नसल्यामुळे डिझेल गाळून घेतलेलंच हवं. एअर काढून गाडी सुरू करा, बंद करा आणि रात्रभर तशीच ठेवा. सकाळी एका झटक्यात सुरू झाली तर पंप, नोजल (इंजेक्टरचं डिझेल फवारणारं टोक), कॉम्प्रेशन सगळ्यांची सुटका.

धूर पहिल्यापासून येत असेल तर हीटर प्लग. डॅशबोर्डवरचा हीटरचा दिवा लागतो म्हणजे प्लग तापतात, हा गैरसमज फार पसरलेला आहे. बहुतेक जुन्या गाड्यांत तो दिवा फक्त टायमरचा. चारही प्लग जळालेले असले तरी तो इमानदारीत लागतो आणि विझतो. चावी ऑन केल्यावर केबिनचा लाइट जरा मंद होतो का बघा. हीटर भरपूर करंट ओढतात, तेव्हा थोडा फरक दिसायलाच हवा. क्लॅम्प मीटर असेल तर हीटरच्या मुख्य वायरवर लावा: चार प्लग मिळून सुरुवातीच्या झटक्यानंतर साधारण ४० ते ६० अँपिअर. आकडा निम्मा आला तर निम्मे प्लग मेले. काहीच आलं नाही तर रिले, फ्यूज किंवा वायर.

एकेक प्लग तपासायला वरची जोडपट्टी काढावी लागते. ती काढली नाही तर एक चांगला प्लग बाकीच्यांनाही चांगलं दाखवतो. मग टेस्ट लॅम्पचं एक टोक बॅटरीच्या प्लसला, दुसरं प्लगच्या टोकाला. दिवा लागला तर आतली तार शाबूत. मीटरने बहुतेक प्लग थंड असताना सुमारे अर्धा ते दीड ओहम दाखवतात. प्लग बाहेर काढून बॅटरीवर लाल करून दाखवण्याची एक लोकप्रिय पद्धत आहे. ती टाळा. काही प्लग १२ व्होल्टपेक्षा कमी दाबाचे असतात, हातात फुटू शकतात. काढायचे झाल्यास इंजिन गरम असताना, आधी भेदक तेल सोडून, जोर न लावता मागेपुढे फिरवत काढा. टोक तुटून हेडमध्ये राहिलं तर छोट्या कामाचं मोठं काम होतं. बाहेर आलेल्या प्लगचं टोक फुगलेलं किंवा वितळलेलं दिसलं तर त्या सिलेंडरचा नोजलही तपासा, तिथे डिझेल फवारण्याऐवजी धारेने पडत असतं.

एक भेद लक्षात ठेवा. ज्या जुन्या इंजिनांत डिझेल आधी छोट्या कोठडीत पेटतं, त्यांना हीटरशिवाय सकाळी चालतच नाही. ज्यांत ते थेट पिस्टनवर फवारलं जातं, ती साध्या हवामानात हीटरशिवायही सुरू होतात. तुमचं दुसऱ्या प्रकारचं असेल आणि थंडी नसतानाही त्रास होत असेल, तर हीटरमागे फार वेळ घालवू नका.

सुरू झाल्यावर अर्धा-एक मिनिट थरथरते आणि मग शांत होते, हे एक-दोन मेलेल्या हीटरचं लक्षण आहे. पण एअर असली तरी असंच होतं, म्हणून एवढ्यावर प्लग विकत घेऊ नका. पांढरा धूर इंजिन गरम झाल्यावरही थांबत नसेल, त्याला डिझेलऐवजी गोडसर वास असेल आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल, तर हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉकमधलं सील) गेलेलं. मग मात्र सेल्फ मारत बसू नका. सिलेंडरमध्ये पाणी साठलेलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

एअर नाही, हीटर ठीक, सेल्फ तेज, आणि तरी सकाळचा त्रास तसाच, तर कॉम्प्रेशन. त्याआधी टॅपेट (व्हॉल्व्हच्या वरची फट) बघा, कारण टॅपेट टाइट झाले की व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि कॉम्प्रेशन तिथून जातं. हे काम स्वस्तात होतं आणि हेड उघडावं लागत नाही. मग डिझेलचा कॉम्प्रेशन गेज, पेट्रोलचा नव्हे. बहुतेक इंजिनांत २५ ते ३५ बारच्या दरम्यान येतं, नेमका आकडा तुमच्या इंजिनाच्या मॅन्युअलमधला. सिलेंडरांमध्ये फार फरक नसणं हे आकड्याइतकंच महत्त्वाचं. ऑइलचं झाकण उघडून इंजिन चालवल्यावर दमदार झोत येत असेल तर रिंगांचा अंदाज गेजशिवायही येतो.

या सगळ्यात एक गोष्ट मुळीच करू नका: एअर फिल्टरमध्ये इथरचा स्टार्टिंग स्प्रे. हीटर लाल झालेले असताना तो सिलेंडरमध्ये अवेळी पेटतो, पिस्टनच्या रिंगा तुटतात, कधी स्फोट मागे इनटेकमध्ये येतो. सेल्फसुद्धा एका वेळी १०-१५ सेकंदांपेक्षा जास्त नको, मग मिनिट-दोन मिनिटं विश्रांती.

कुणाची पिकअप कॉमनरेल (सगळ्या इंजेक्टरना एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल देणारी, कॉम्प्युटरवर चालणारी) असेल तर वरचं एअरचं आणि बॅटरीचं तेवढंच लागू. बाकी वेगळं. तिथे रेलमध्ये साधारण २०० बारच्या पुढे दाब तयार होईपर्यंत कॉम्प्युटर इंजेक्टर उघडतच नाही, म्हणून आधी स्कॅनरवर सेल्फ मारतानाचा रेल प्रेशर आणि क्रँक सेन्सरचा आरपीएम बघायचा. दाब चढत नसेल तर चारही इंजेक्टरचे रिटर्न वेगवेगळ्या बाटल्यांत घ्या. ज्याची बाटली इतरांपेक्षा लवकर भरते, तो दाब खातोय. जुन्या सवयीने इंजेक्टरचा पाइप सैल करून ‘डिझेल येतंय का’ बघणं तिथे अजिबात नको. त्या दाबाची धार कातडीतून आत जाते, आणि ती जखम बाहेरून टोचल्याएवढी दिसली तरी थेट शस्त्रक्रियेची असते.

आता तुमच्या पंपाकडे. कॅनवर ठेवूनही त्रास राहिला, हीटर आणि कॉम्प्रेशन ठीक निघालं, तर पंप उतरवण्याआधी नोजल काढून तपासायला द्या. दाबावर फवारा धुक्यासारखा येतो का, आणि दाब सोडल्यावर टोक कोरडं राहतं का. थेंब गळणारा नोजल सकाळी पांढरा धूर हमखास देतो. पंपावर थंड-स्टार्टसाठी टायमिंग पुढे नेणारा छोटा लिव्हर किंवा मेणाचा घटक असतो. त्याची केबल तुटलेली किंवा कुणीतरी बांधून ठेवलेली सापडते, तीही बघा. मग खरंच उतरवायचा झाला तर पंपाच्या फ्लँजवर आणि इंजिनवर सलग एक रेघ ओढून घ्या, आणि काम करणाऱ्याला सांगा की उघडण्याआधी पंप टेस्ट बेंचवर (पंप तपासायच्या मशीनवर) चढवून सेल्फच्या वेगात तो किती डिझेल देतो याचा आकडा मला दाखवा. तो आकडा ठीक आला तर पंप न उघडता परत बसवा.